रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन आणि कोकणातील इब्री विद्या

वरच्या वर्गात ज्ञानेश्वरीतील ओव्या शिकविण्याचा प्रसंग आला म्हणजे मुलांच्या मुद्रेवर दरवर्षी तेच आश्चर्य दिसते. ग्रंथ मराठी, शिकविणारा मराठी, ऐकणारेही मराठी. आणि तरीही ओळीतील निम्मे शब्द परके वाटतात. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली. त्यानंतरच्या सातशेहून अधिक वर्षांत शब्द झिजले, काहींचे अर्थ पालटले, काही अजिबात नाहीसे झाले. अशा वेळी शब्दकोश हाती नसेल तर आपल्याच पूर्वजांच्या घराच्या दारापाशी आपण पाहुण्यासारखे उभे राहतो. दार आपले असते, परंतु किल्ली हरवलेली असते.

आज ज्या थोर पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे, त्याने आपल्या महाराष्ट्रातील एका लहानशा समाजाच्या हाती अशीच एक हरवलेली किल्ली ठेवली. रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन हे नाव मुंबईच्या विल्सन कॉलेजामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु १८३२ साली त्यांनी कोकणातील यहूदी लोकांसाठी इब्री भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. इब्री म्हणजे जिला आज आपण हिब्रू म्हणतो, ती जुन्या कराराची मूळ भाषा. हे पुस्तक ज्या हेतूने लिहिले गेले आणि त्याचा जो उपयोग झाला, त्या दोहोंमध्ये बरेच अंतर पडले. ते अंतर कसे पडले व त्यावरून आपण काय शिकावे, हाच या चरित्रातील मुख्य विषय आहे.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. घरातील वातावरण धर्मशील होते. मुलाची बुद्धी तीव्र असल्यामुळे वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला एडिंबरोच्या विश्वविद्यालयात पाठविण्यात आले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान, सृष्टिशास्त्र व धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला. परदेशी सुवार्ता पोहोचविण्याच्या कार्यास साहाय्य करावे म्हणून १८२५ साली त्यांनी सोबतच्या विद्यार्थ्यांची एक संस्थाही स्थापन केली. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भाषा शिकून तीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करणारा जॉन एलियट हा त्यांचा आदर्श होता, आणि १८२८ साली त्यांनी त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. ज्यांना शिकवावयाचे त्यांची भाषा आधी आपण शिकावी, हा धडा विल्सन यांनी एलियटपासून घेतला व तो जन्मभर पाळला.

पाळकाची दीक्षा घेणाऱ्या तरुणास त्या काळी इब्री भाषा शिकावी लागे. आता प्रश्न असा की, यहूदी लोकांची ही प्राचीन भाषा स्कॉटलंडच्या थंड डोंगराळ प्रदेशातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली कशी? याचे उत्तर द्यावयाचे तर आपणास थोडे मागे जावे लागेल. विल्सन यांनी कोकणातील यहूद्यांस जे दिले ते मुळात कोणाचे होते, हे त्याशिवाय कळावयाचे नाही.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेतील मंदिराचा विध्वंस केला. त्यानंतर यहूदी लोकांचे धर्मजीवन मंदिरातून निघून पाठशाळेत आले. रब्बी म्हणजे गुरू. या गुरूंनी नियमशास्त्राचा जो अर्थ लावला, जे वादविवाद केले, त्यांचे प्रचंड संग्रह होत गेले. त्यांतील सर्वांत मोठ्या संग्रहास तालमूद म्हणतात. त्याची भाषा पवित्र शास्त्रातील जुन्या इब्रीहून निराळी आहे. तीत अरामी भाषेचा भाग मोठा आहे, आणि ग्रीक, लॅटिन, फारसी अशा शेजारच्या भाषांतील शब्द शिरलेले आहेत. पुढील पिढ्यांतील विद्यार्थ्यास ती वाचताना, आपणास जुनी मराठी वाचताना जी अडचण पडते, तिच्याहून किती तरी मोठी अडचण पडू लागली.

ही अडचण दूर करण्यासाठी रोम शहरातील नाथान नावाच्या रब्बीने एक कोश रचला व तो ११०१ साली पूर्ण केला. त्याचे नाव आरूख. तालमुदातील एकेक कठीण शब्द घेऊन तो कोणत्या भाषेतून आला व कोठे कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे त्याने क्रमवार सांगितले. साडेतीनशेहून अधिक वर्षे हा कोश हाताने उतरवून घेतला जात असे. युरोपात छापण्याची कला निघाल्यावर इब्री भाषेतील जी अगदी पहिली पुस्तके इटलीत छापली गेली, त्यांत आरूखाचा समावेश होता. नव्या कलेच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतच लोकांनी कोश छापून घ्यावा, यावरून त्याची निकड किती होती हे दिसून येते.

यानंतरचा मोठा कोशकार एलीया लेविता हा होय. त्याचा जन्म १४६९ साली जर्मनीत झाला. परंतु त्याचे बहुतेक आयुष्य इटलीत भटकण्यात गेले. १५०९ साली पादुआ शहर शत्रूंनी लुटले तेव्हा त्याचे सर्वस्व गेले. पुढे रोममध्ये एजिदिओ नावाच्या एका मोठ्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने त्याला कुटुंबासह आपल्या घरी आश्रय दिला. सुमारे बारा वर्षे तो तेथे राहिला. तो यजमानास इब्री शिकवी आणि यजमान त्याला ग्रीक शिकवी. १५२७ साली रोमचीही लूट झाली आणि एलीया पुन्हा निराधार झाला. परधर्मीयांस आपली पवित्र भाषा शिकवितो म्हणून त्याच्या स्वजनांतील काहींनी त्याला दोष दिला. त्याने तो दोष सहन केला, आपली बाजू मांडली आणि शिकविणे सोडले नाही. फ्रान्सच्या राजाने त्याला पॅरिस येथे अध्यापकाची जागा देऊ केली होती. परंतु ज्या राज्यात आपल्या बांधवांस राहण्याची मोकळीक नाही तेथे आपण एकट्याने मानाने राहावे, हे त्याला रुचले नाही.

वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर हा वृद्ध पंडित आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनीतील इस्नी या गावी गेला. तेथे पाउल फागिउस नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने छापखाना काढला होता. या दोघांनी मिळून १५४१ साली तिश्बी नावाचा कोश प्रसिद्ध केला. शेजारी फागिउसने केलेले लॅटिन भाषांतर होते. आपल्या वाचकांस एलीया तिश्बी हा संदेष्टा पवित्र शास्त्रातून परिचित आहेच. कोशकाराचे नावही एलीया, म्हणून त्याने ग्रंथास हे नाव दिले. इब्री भाषेत प्रत्येक अक्षरास संख्येचे मूल्य असते. तिश्बी या शब्दातील चार अक्षरांची मूल्ये ४००, ३००, २ व १० अशी आहेत. त्यांची बेरीज ७१२ होते, आणि या कोशात शब्दही बरोबर ७१२ घेतलेले आहेत. पंडितांनाही विनोदाची आवड असते, हे यावरून मुलांनी ध्यानात घ्यावे! एलीया १५४९ साली व्हेनिस येथे मरण पावला. त्याच वर्षी त्याचा मित्र फागिउस इंग्लंडात केंब्रिज येथे इब्री शिकविण्यासाठी गेला आणि काही महिन्यांतच तेथे त्याचाही अंत झाला.

पुढे स्वित्झर्लंडातील बाझल शहरात योहान बुक्स्टोर्फ या ख्रिस्ती अध्यापकाने अरामी व रब्बींच्या भाषेचा मोठा कोश हाती घेतला. त्यावर वीस वर्षे खपून १६२९ साली तो प्लेगने मरण पावला. काम अपुरे राहिले होते. त्याच्याच नावाच्या मुलाने आणखी दहा वर्षे परिश्रम करून १६३९ साली ते सिद्धीस नेले. प्रॉटेस्टंट देशांतील इब्रीच्या अभ्यासाला पुढील दोनशे वर्षे अशा ग्रंथांचा आधार मिळाला. मात्र एक कटू सत्यही येथे लपवू नये. ज्या काळात काही ख्रिस्ती पंडित यहूदी गुरूंच्या पायाशी बसून शिकत होते, त्याच काळात काही ख्रिस्ती अधिकारी यहूद्यांचे ग्रंथ जाळीत होते. एलीयाच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १५५३ साली, रोम शहरात तालमुदाच्या प्रतींची होळी करण्यात आली. तेव्हा ख्रिस्ती जगावर यहूदी गुरूंचे ऋण होते, आणि त्या ऋणाबरोबर अपराधाचा भारही होता. ही गोष्ट मनात ठेवून आपण पुन्हा विल्सन यांच्याकडे वळू.

१८२८ साली जॉन विल्सन यांचा मार्गारेट बेन या सुशिक्षित तरुणीशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी हे दांपत्य जहाजाने हिंदुस्थानाकडे निघाले. १८२९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले. मराठी शिकण्यासाठी ते लवकरच दक्षिण कोकणात हर्णै-बाणकोटकडे गेले, कारण तेथे स्कॉटिश मिशनचे काम आधीपासून चालू होते. विल्सन यांनी इतक्या नेटाने अभ्यास केला की वर्ष संपण्यापूर्वीच ते मराठीत उपदेश करू लागले. पुढे त्यांनी गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, संस्कृत व पारशी धर्मग्रंथांची भाषा यांचाही अभ्यास केला. मार्गारेटबाईंनीही मराठी आत्मसात केली आणि मुंबईस येताच मुलींच्या शाळा काढल्या. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर संकट येईल असे मानण्याचा तो काळ होता. अशा काळी दारोदार जाऊन मुली गोळा करणाऱ्या या बाईंचे धैर्य किती असेल, याची कल्पना आजच्या मुलींनी करावी.

कोकणच्या किनाऱ्यावर विल्सन यांना एक विलक्षण समाज भेटला. हे लोक मराठी बोलत, मराठी वेष करीत, आणि अनेकजण तेलाचा घाणा चालवीत. परंतु शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संतती, म्हणवीत. फार प्राचीन काळी आपल्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि सर्व पुस्तके समुद्राने गिळली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गावांवरून त्यांची आडनावे पडली: किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर. मुलांची सुंता आठव्या दिवशी करावी, खवले नसलेला मासा खाऊ नये, शब्बाथ पाळावा, इतके त्यांनी शतकानुशतके जपले होते. एकच देव आहे असे सांगणारी शेमा ही इब्री प्रार्थना त्यांना मुखोद्गत होती, आणि सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत. एलीया संदेष्ट्यावर त्यांची विशेष भक्ती. त्याच्या नावाने ते पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याच्या रथाची खूण म्हणून एक खडकही दाखवितात.

परंतु भाषा हरवली होती. समुद्राने पुस्तके नेली, आणि मागे उरले ते मुखातील थोडे शब्द. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईस त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. कोचीनचे यहूदी शिक्षकही त्यांच्यात येऊन विधी व वाचन शिकवीत होते. तरी सर्वसाधारण माणसाला स्वतः वाचून अर्थ समजून घेण्याचे साधन जवळ नव्हते. जो कोणी शिकू पाही त्याची घरची भाषा मराठी, आणि मराठीतून इब्री शिकविणारे पुस्तक तर जगात कोठेच नव्हते.

ही उणीव विल्सन यांनी १८३२ साली भरून काढली. मराठीतून इब्रीचे व्याकरण लिहिणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. इब्री लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिची मुळाक्षरे बहुतेक सर्व व्यंजने आहेत, आणि स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर बिंदू व रेघा देतात. आपल्या काना-मात्रेची सवय असलेल्या मुलास ही गोष्ट इंग्रज मुलापेक्षा लवकर उमजावी. बहुतेक शब्दांचे मूळ तीन व्यंजनांचे असते, आणि त्यापासून क्रियापदे व नामे बनतात. संस्कृतातील धातू ज्याला ठाऊक आहे त्याला हेही अगदीच नवे वाटत नाही. परंतु काळ, लिंग, वचन यांच्या कल्पना एका भाषेतून दुसरीत जशाच्या तशा बसत नाहीत. लिहिणाऱ्याला दोन्ही भाषांच्या अंतरंगात शिरावे लागते. मराठी शिकू लागल्याला ज्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती, अशा परदेशी मनुष्याने हे काम हाती घेतले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

विल्सन यांचा हेतू त्यांनी कधी लपविला नाही. जुना करार मुळातून वाचला म्हणजे हे लोक नव्या कराराकडे वळतील व प्रभु येशूस मसीहा म्हणून ओळखतील, अशी त्यांची आशा होती. त्याच १८३२ साली त्यांनी मुंबईत आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा काढली; आजच्या विल्सन कॉलेजाचे मूळ तेच. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने येऊ लागली, आणि पुढे त्यांच्यातील अनेकजण अशा शाळांतून शिक्षकही झाले.

त्यांचे आयुष्य यानंतर सुखाने गेले असे मात्र नाही. १८३५ च्या एप्रिलात मार्गारेटबाई मुंबईस मरण पावल्या. हिंदुस्थानात त्यांना पुरती सात वर्षेही लाभली नाहीत. त्यांचे कार्य थांबू नये म्हणून त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या. विल्सन यांचे हिंदू शास्त्र्यांशी व पारशी पंडितांशी धर्मविषयक वाद जाहीरपणे चालत. मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला त्यांचा वाद त्या काळी फार गाजला. दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली, आणि त्यांत कठोर शब्द वापरण्यात कोणी कसर केली नाही. विल्सन यांनीही आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेवर जी कडक टीका केली, तिच्यातील काही भाग आज वाचताना आपणास रुचत नाही. १८३९ साली धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठा क्षोभ होऊन बहुतेक पारशी विद्यार्थी शाळा सोडून गेले.

या धामधुमीतही विद्येविषयीचे त्यांचे प्रेम कमी झाले नाही. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते. १८३५ साली गिरनारच्या पायथ्याशी असलेला शिलालेख त्यांनी पाहिला. कोणासही वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांचा ठसा त्यांच्या प्रयत्नाने कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेला, आणि सम्राट अशोकाचे लेख पुन्हा वाचले जाण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले. मुकी झालेली अक्षरे पुन्हा बोलती व्हावीत, ही जणू या मनुष्याच्या जीवाची ओढच होती.

१८४३ च्या आरंभी विल्सन धनजीभाईंस बरोबर घेऊन स्वदेशी निघाले. वाटेत त्यांनी मिसर, सीनाय, पेत्रा व पॅलेस्टाइन पाहिले, आणि ठिकठिकाणच्या यहूदी वस्त्यांस भेटी दिल्या. या प्रवासावर त्यांनी लिहिलेला द्विखंडात्मक ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला, व त्यात कोकणातील बेने इस्राएलांचेही वर्णन आले आहे. ते प्रवासात असतानाच स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. मंडळीच्या कारभारात सरकार व जमीनदार यांनी हात घालू नये, या तत्त्वासाठी शेकडो पाळक आपली घरे व वेतने सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. विल्सन त्यांनाच मिळाले. याचा परिणाम असा झाला की मुंबईतील शाळेची नवी इमारत, जिच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती, ती जुन्या मंडळीकडे गेली. पुन्हा भाड्याच्या जागेत आरंभ करावा लागला. याच फ्री चर्चच्या वतीने स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, आणि कालांतराने ते कार्य वैनगंगेच्या काठी आपल्या भंडाऱ्यापर्यंत पोहोचले. तेव्हा विल्सन यांची कथा आपल्याला वाटते तितकी दूरची नाही.

१८४७ मध्ये विल्सन मुंबईस परत आले. त्यांचे उत्तरायुष्य मानाचे गेले. लेण्यांच्या संशोधनासाठी सरकारने १८४८ मध्ये नेमलेल्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले. १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या आरंभी मराठी भाषेची घटना व विस्तार यांविषयी विल्सन यांचा निबंध जोडलेला आहे. म्हणजे ज्याने मराठी माणसांस इब्रीची वाट दाखविली, त्याच्याच हातून मराठीच्या या प्रसिद्ध कोशाची सेवाही घडली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या सभासदांत ते होते, व काही काळ त्याचे कुलगुरूही होते. १८७० साली फ्री चर्चने त्यांना आपल्या महासभेचे अध्यक्षपद दिले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. शेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी या देशाची सेवा केली.

आता आरंभी सांगितलेल्या अंतराकडे येऊ. विल्सन यांची आशा सफळ झाली काय? बेने इस्राएलांपैकी ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. समाजाने व्याकरण घेतले, शाळा घेतली, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर घेतले, आणि या सर्वांचा उपयोग करून तो आपल्या पूर्वजांच्या धर्मात अधिक दृढ झाला. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाचे प्रार्थनापुस्तक मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापले गेले. १८७४ साली तसेच एक पुस्तक पुण्यात निघाले. जोसेफ एजकील राजपूरकर यांनी आपल्या समाजाची अनेक प्रार्थनापुस्तके इब्रीतून मराठीत आणली. ज्या वर्षी विल्सन वारले त्याच १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली; पुढे त्यांनी समाजाचा इतिहासही लिहिला. समुद्राने जी पुस्तके गिळली होती ती जणू छापखान्यातून पुन्हा वर आली.

ख्रिस्ती शिक्षक म्हणून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. ज्या फळाची अपेक्षा होती ते आले नाही, म्हणून झाड वाया गेले असे म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. विल्सन यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी एलीया लेविता याने स्वजनांचा रोष पत्करून ख्रिस्ती लोकांस इब्री शिकविली. त्याचे शिष्य यहूदी झाले नाहीत. ते आपला ख्रिस्ती धर्म अधिक खोलवर जाणू लागले. विल्सन यांनी तीच विद्या कोकणात यहूदी मुलांस परत दिली. तीही मुले ख्रिस्ती झाली नाहीत. ती आपले यहूदीपण अधिक समजून घेऊ लागली. ज्यांच्या वडिलांचे ग्रंथ ख्रिस्ती राष्ट्रांनी जाळले होते, त्यांच्या मुलांना एका ख्रिस्ती मनुष्याने त्यांची अक्षरे परत केली. विल्सन यांच्या मनात काही निराळे होते हे खरे. परंतु देवाने त्यांच्या हातून एक जुने ऋण फेडून घेतले, असे म्हणण्यास काय हरकत आहे? विद्या दिली की ती देणाऱ्याची राहत नाही. घेणारा तिचे काय करील हे देणाऱ्याने ठरवू नये, आणि तेवढ्यासाठी देण्याचे थांबवूही नये. शिक्षकाच्या धंद्यातील हे सर्वांत कठीण व सर्वांत आवश्यक असे व्रत आहे, आणि आईबापांनाही ते लागू पडते.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र निर्माण झाल्यानंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता त्यांची नातवंडे इब्री सहज बोलतात, आणि त्यांना चिंता वाटते ती मराठीची. ज्या लोकांनी एक भाषा हरवून पुन्हा मिळविली, त्यांच्यापुढे आता दुसरी जपण्याचा प्रश्न उभा आहे.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न आपल्याही घरात आहे. आपल्या भागातील झाडीबोलीत असे किती तरी शब्द आहेत जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाहीत. शेतातील, तळ्यावरील, स्वयंपाकघरातील ते शब्द आज आजीच्या मुखात आहेत. आजीबरोबर ते जातील. आरूख रचणाऱ्या नाथानने एकेक शब्दच गोळा केला होता, आणि बुक्स्टोर्फ पितापुत्रांनी तेच काम केले. या सुट्टीत एक वही करा. आजी-आजोबांजवळ बसा. जो शब्द तुम्हास कळला नाही तो लिहून घ्या, त्याचा अर्थ विचारा, आणि तो कोणत्या प्रसंगी वापरतात तेही शेजारी टिपून ठेवा. एलीयाच्या कोशात शब्द ७१२ होते. तुमच्या वहीत पन्नास झाले तरी पुष्कळ आहेत.